कॅमेऱ्याचें मागचें दार

छायाचित्रणाचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे भिंगाचें कौतुक होतें, रसायनांचें होतें, थोर छायाचित्रकारांच्या नजरेचें तर होतेंच. परंतु कॅमेऱ्याला एक मागचें दारहि असतें आणि त्या दाराला स्वतःचा इतिहास आहे, याची आठवण सहसा कोणास होत नाहीं. होते ती एकाच प्रसंगीं. अर्धा रोल संपलेला असतो, कॅमेरा हातांत असतो, कोठेंतरी खटका दाबला जातो, आणि तें दार भर उन्हांत अकस्मात् उघडतें. ज्या घरांत फिल्मचा कॅमेरा नांदला, त्या घरच्या वडीलधाऱ्यांना हा प्रसंग नवा नाहीं. त्यानंतर उमटणारे उद्गारहि ठरलेले असतात: “गेलें सगळें!” हे उद्गार कितपत खरे आहेत, तें आज श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे. त्यासाठीं या दाराची जन्मकथा आधीं सांगावी लागेल, आणि ती सांगतांना आपणांस थोडें मावळांतूनहि जावें लागेल. कारण अंधाराशीं व्यवहार करणाऱ्या या विद्येचा एक महत्त्वाचा मुक्काम तेथें पडला होता.

कॅमेरा या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळीं खोली असा आहे. आपण ज्याला कॅमेरा म्हणतों ती वस्तुतः एक लहानशी अंधारी कोठडी होय. तिच्या समोरच्या भिंतीला भिंगाची खिडकी असते व ती निमिषमात्र उघडते. मागच्या भिंतीशीं प्रकाशानें पालटणारा पदार्थ बसविलेला असतो. बाहेरचा उजेड मोजूनमापून आंत घेणें, एवढाच या कोठडीचा व्यवहार. दुपारच्या उन्हांत मध्यम प्रतीच्या फिल्मला सेकंदाचा सव्वाशेवा भाग, तोहि भिंगाचा डोळा बारीक करून, पुरेसा होतो. उलट त्याच उन्हांत मागचें दार दोन सेकंद उघडें राहिलें, तर उघड्या फिल्मवर पडणारा उजेड त्या मापाच्या लाखपटीहूनहि अधिक भरतो. एवढ्या लोंढ्यापुढें चित्र टिकेल तरी कसें?

आरंभीं मात्र सगळीं चित्रें एकाच दाराच्या आड नव्हतीं. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थानें काचेवर ओल्या लेपानें चित्र घेण्याची रीत प्रसिद्ध केली. काच अंधारांत तयार करावयाची, लाकडी चौकटींत घालावयाची, आणि तिच्यावर सरकतें झांकण ठेवावयाचें. चौकट कॅमेऱ्याच्या पाठीशीं बसली कीं झांकण ओढावयाचें, चित्र घेऊन पुन्हां लोटावयाचें, आणि लेप वाळण्यापूर्वीं काच तंबूंत नेऊन धुवावयाची. मुंबईस १८५४ सालीं छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांचीं नांवें त्या काळच्या हौशी उपासकांत येतात. कार्ल्याच्या चैत्यगृहाचीं काचेवरील छायाचित्रें त्याच सुमारास होऊं लागलीं. तेथवर काचा, बाटल्या व तंबू वाहून नेणें हें केवढें कष्टाचें काम असेल, याची कल्पनाच करावी. पण या पद्धतींत एक गुण होता. झांकण चुकून वेळेआधीं सरकलें, तर एकच काच वायां जाई. एका चुकीचें मोल एक चित्र, असा तो हिशोब होता.

अंधार जपणें हें त्या काळीं कसबी मंडळींचें काम होतें. मावळांतील मळवली येथें राजा रविवर्म्यांचा चित्रे छापण्याचा छापखाना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईहून येऊन वसला. घराघरांत लागलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी येथल्या दगडांवरून छापल्या गेल्या. या छापखान्याच्या कामाशीं संबंध आलेले एक गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके. बडोद्याच्या कलाभवनांत शिकलेले, पुराणवस्तु खात्यांत छायाचित्रकार म्हणून नोकरी केलेले फाळके यांनीं १९०८ सालीं लोणावळ्यास स्वतःचा छपाईचा व ठसे कोरण्याचा कारखाना काढला. छायाचित्रावरून छपाईसाठीं प्रत उतरविण्याची ही विद्याहि अंधाऱ्या खोलींतलीच. पुढें हा कारखाना दादरास गेला, आणि फाळके चलच्चित्रांकडे वळले.

१९१२ सालीं त्यांनीं विलायतेहून विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा आणला. त्याबरोबर आलेल्या कोऱ्या फितीला कडेचीं छिद्रें पाडलेलीं नव्हतीं. तीं आपणच पाडावयाचीं होतीं, आणि तींहि अंधारांत. हें काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं अंगावर घेतलें. फीत कॅमेऱ्यांत भरणें, काढणें, धुणें, या साऱ्यांत त्यांचा हात होता. डोळ्यांनीं दिसत नसतांना, केवळ बोटांच्या अंदाजानें, फितीला ओरखडा न पडूं देतां ही छिद्रें पाडणें सोपें नव्हे. ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या लोकांपुढें आला, त्याच्या मागें एका गृहिणीनें घरांत राखलेला असा काळोख उभा आहे. आपल्याकडे अंधार कारागिराच्या खोलींतून कुटुंबांत आला, त्याचें याहून बोलकें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

इकडे पाश्चात्त्य देशांत हाच अंधार सामान्य गिऱ्हाइकाच्या हातीं देण्याची खटपट चालूं होती. अमेरिकेंत रॉचेस्टर येथें जॉर्ज ईस्टमन यानें १८८८ सालीं पहिला कोडॅक विकावयास काढला. त्यांत शंभर चित्रांचा रोल कारखान्यांतच भरलेला असे. मालकानें चित्रें घ्यावींत आणि सबंध कॅमेरा कारखान्यास पाठवावा. तेथें रोल काढून, धुऊन, नवा भरून कॅमेरा परत येई. म्हणजे मागचें दार होतें, पण त्याला हात लावण्याचें कारण मालकास नव्हतें. ही सोय गैरसोयीची ठरली, कारण कॅमेराच मुळीं घरांतून जाई. मग १८९१ सालीं दिवसाउजेडीं भरतां येणारा रोल निघाला. १८९२ सालीं सॅम्युएल टर्नर यानें फिल्मच्या पाठीला काळा कागद लावून त्यावर आंकडे छापण्याची युक्ति काढली. कॅमेऱ्याच्या पाठीला लहानशी तांबडी खिडकी ठेवावयाची, तींतून आंकडा दिसला कीं पुढचें चित्र घ्यावयाचें. त्या वेळच्या फिल्मला तांबडा उजेड बाधत नसे, म्हणून ही खिडकी चाले. १९०० सालीं एका डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला आणि शाळकरी मुलांनाहि फिल्म भरतां येऊं लागली.

श्रोतेहो, येथें एक मोठा बदल घडला, तो ध्यानांत घ्यावा. दार उघडण्याचा अधिकार मालकाला मिळाला. पण त्याच वेळीं आठ, बारा किंवा अधिक चित्रें एकाच फितीवर व एकाच दाराच्या आड गोळा झालीं. एका चुकीचें मोल एक चित्र, हा जुना हिशोब मोडला. तरी काळ्या कागदाचा रोल बराच क्षमाशील होता. दार चुकून उघडलें, तरी उजेड प्रथम कागदावरच पडे. गुंडाळलेल्या चित्रांवरहि कागदाचे वेढे असत. उजेड शिरे तो मुख्यतः दोहों कडांनीं. म्हणून आपल्याकडे पुष्कळ घरांत असलेल्या साध्या डबी-कॅमेऱ्यांत दार उघडलें असतां चित्रांच्या कडा धुरकटत, पण मधलीं माणसें बहुधा शाबूत राहत.

खरी पंचाईत झाली ती पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मनें. ही फिल्म म्हणजे सिनेमाचीच फीत, सरस्वतीबाईंनीं छिद्रें पाडली त्याच रुंदीची. जर्मनींतील वेट्झलार येथील ऑस्कर बार्नाक या कारागिरानें ती लहान कॅमेऱ्यांत बसविली व १९२५ सालीं लायका कॅमेरा बाजारांत आला. त्याला मागचें दार नव्हतेंच. तळाचें झांकण काढून फिल्म खालून सरकवावी लागे. भरावयास किचकट, पण चुकून उघडण्याची भीति कमी. पुढें १९३४ सालीं दिवसाउजेडीं भरतां येणारी तयार डबी निघाली, आणि भरणें सोपें व्हावें म्हणून कॅमेऱ्याची पाठ बिजागरीवर उघडणारी करण्याची चाल पडली. या फिल्मला पाठीचा कागद नव्हता. डबीच्या तोंडाला मखमलीची पट्टी असल्यामुळें डबीतला भाग सुरक्षित. पण बाहेर आलेल्या भागाला कॅमेऱ्याच्या दाराखेरीज दुसरा आडोसा उरला नाहीं.

त्यांतच एक नवी सोय अडचणीची झाली. फिल्म संपली कीं ती परत डबींत गुंडाळण्यासाठीं कॅमेऱ्याच्या डावीकडे एक गोल कळ असते. पुष्कळ कॅमेऱ्यांत हीच कळ वर ओढली कीं मागचें दार उघडे. १९७६ सालीं निघालेला आणि विद्यार्थ्यांच्या हातीं फार गेलेला पेंटॅक्सचा के-१००० हा कॅमेरा याच जातीचा. एकाच कळीला दोन कामें दिल्यामुळें गुंडाळण्यासाठीं तिची दांडी उचलतां उचलतां कळच वर येई. दुसऱ्या कित्येक कॅमेऱ्यांत दाराचा खटका कडेला असे. तो पट्ट्यांत किंवा चामडी पिशवींत अडके. कोणी रोल संपला अशा समजुतीनें दार उघडी, तर कोणी आंत रोल आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं! कारखानदारांनाहि हें कळत होतें. कांहींनीं कळीभोंवतीं अडसर बसविला. कांहींनीं दारालाच लहान खिडकी ठेवून डबी दिसेल अशी व्यवस्था केली. १९६३ सालीं कोडॅकनें इन्स्टामॅटिक कॅमेऱ्यासाठीं सबंध बंद पेटीच काढली; तिच्यांत दार उघडलें तरी एखाददुसरेंच चित्र जाई.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. दार उघडलें म्हणजे नेमकें काय जातें? साध्या पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांत फिल्म डबींतून निघून उजवीकडच्या रिळावर गुंडाळली जाते. पहिलें चित्र सर्वांत आंत, आणि नुकतें घेतलेलें सर्वांत बाहेर. दार उघडतांच भिंगामागें ताणलेला तुकडा जातो, आणि रिळाचा बाहेरचा वेढा जातो. एका वेढ्यांत चित्र मावतें एक किंवा थोडें अधिक. त्याखालचे दोनतीन वेढे कमीअधिक भाजतात, कारण फिल्म स्वतःच दाट असल्यामुळें खालच्या थराला छाया देते. त्याहून आंत गेलेल्या चित्रांच्या केवळ कडांना उजेडाचे ओघळ लागतात, कधीं फितीच्या छिद्रांचे ठसे उमटतात. रंगीत फिल्म पाठीकडून भाजली तर तांबडे-नारिंगी पट्टे येतात, कारण तांबडा रंग टिपणारा थर पाठीच्या बाजूस सर्वांत जवळ असतो. डबीतल्या कोऱ्या भागाला तर कांहींच होत नाहीं. म्हणजे सर्वांत जुनीं चित्रें सर्वांत सुरक्षित, आणि अद्याप न घेतलेलींहि सुरक्षित. मधलीं पांचसहा मात्र संकटांत. १९८० नंतरच्या कांहीं स्वयंचलित कॅमेऱ्यांत तर फिल्म भरतांच सगळी बाहेर गुंडाळली जाई व प्रत्येक चित्र झाल्यावर तेवढा भाग डबींत परत जाई. त्यांत घेतलेलीं जवळजवळ सगळींच चित्रें वांचत.

हें पुस्तकी ज्ञान मला एका प्रसंगानें पटलें, आणि तो प्रसंग मावळांतच घडला. मावळाचे आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ असे भाग लोक सांगतात. आंदर मावळ म्हणजे आंद्रा नदीचें खोरें. कान्हे स्थानकापाशीं लोहमार्ग सोडून टाकवे बुद्रुक, वडेश्वर असें वर गेलें कीं सह्याद्रीच्या कड्यापर्यंत हा मुलूख पसरतो. १९२२ सालीं ठोकरवाडी येथें टाटांचें धरण झालें. त्याचें पाणी डोंगर पोखरून खालीं कोंकणांत भिवपुरीच्या वीजघराकडे नेलें आहे. भाताचीं खाचरें, विस्तीर्ण जलाशय, आणि पावसाळ्यांत दिवसेंदिवस न उघडणारें आभाळ असा हा प्रदेश. अशा दमट हवेनें कॅमेऱ्याच्या दाराभोंवतींच्या खांचेंतील मऊ पट्टी चिकट होऊन झडते, व दार बंद असतांहि उजेड झिरपूं लागतो. कांहीं जुन्या छायाचित्रांवर एकाच जागीं पुन्हां पुन्हां दिसणारी पांढरट रेघ असते, ती याच झिरपण्याची.

१९८८ सालच्या हिवाळ्यांत आमच्या शाळेची सहल या खोऱ्यांत गेली होती. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं विश्वासानें आपला कॅमेरा दिला होता. छत्तीस चित्रांचा रोल होता. जलाशयाच्या अलीकडे एका वाडींत आम्हीं पाणी मागितलें, तेव्हां एका वृद्ध बाईनें मुलांना ओसरीवर बसवून गूळपाणी दिलें. मुलांनीं तिचें चित्र घ्यावयाचें म्हटल्यावर ती म्हणाली, “माझा काय फोटू काढता, पोरांचा काढा.” तरी तिनें पदर नीट केला आणि ती दाराशीं बसली. रोलवरील तें नववें चित्र होतें. दुपारीं, बावीस चित्रें झाल्यावर, कॅमेरा एका हातांतून दुसऱ्या हातांत जातांना ती गोल कळ वर ओढली गेली आणि दार उघडलें. दोनतीन सेकंदांत तें मिटलें, पण मुलांचे चेहरे पडले. कोणी म्हणालें, रोल काढून टाका, नवा घाला.

आमच्यापैकीं विज्ञानाच्या मास्तरांनीं तें होऊं दिलें नाहीं. त्यांनीं कॅमेरा कोटाखालीं धरून फिल्म सावकाश डबींत परत गुंडाळली. पुण्यास आल्यावर एका छायाचित्रवाल्यानें, दार उघडलेला रोल धुण्यांत अर्थ नाहीं, पैसे फुकट जातील, असें सांगितलें. मास्तर म्हणाले, “पैसे आमचे जातील, तुम्ही धुवा.” फिल्म धुऊन आली. बावीसांपैकीं पांच चित्रें साफ गेलीं होतीं. तिघांच्या कडेला उजेडाचे पट्टे होते. चौदा निर्दोष होतीं. नववें त्या चौदांत होतें.

त्याची एक प्रत आम्हीं वाडींत पोंचविली. पुढल्या वर्षीं सहल पुन्हां त्या बाजूस गेली तेव्हां ती बाई हयात नव्हती. ओसरीच्या भिंतीवर तेंच चित्र, कांच बसवून, हार घालून लावलेलें होतें. घरच्या माणसांनीं सांगितलें, “तिचा दुसरा फोटूच नाय.” मोठ्या शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत एका माणसाचीं शेकडों चित्रें असतात; एक गेलें तर चुकचुकून आपण पुढें जातों. डोंगरांतील वाडींत मात्र एका मनुष्याच्या आयुष्याला एकच चित्र, असा हिशोब कित्येक पिढ्या होता. तेथें “गेलें सगळें” म्हणून रोल उकिरड्यावर टाकणें म्हणजे एका माणसाचा चेहरा कायमचा पुसून टाकणें होय.

म्हणून माझें म्हणणें एवढेंच कीं, अशा अपघातांत उजेड नेतो तीं चित्रें थोडीं. त्याहून अधिक चित्रें आपली घाईची निराशा नेते. उजेड पांचसहा चित्रांवर थांबतो. निराश झालेला मनुष्य सबंध फिल्म ओढून बाहेर काढतो, आणि मग खरोखरच कांहीं उरत नाहीं.

आतां फिल्मचे कॅमेरे बहुतेक घरांतून कपाटांत गेले आहेत. पण कपाटांतल्या कित्येक कॅमेऱ्यांत अर्धवट रोल अजून असतील. माझी श्रोत्यांस विनंति आहे कीं, वडिलांचा किंवा आजोबांचा कॅमेरा हातीं आला तर कुतूहलानें दार उघडूं नये. पस्तीस मिलिमीटरचा कॅमेरा असेल तर ती डावीकडची गोल कळ, वर न ओढतां, गुंडाळण्याच्या दिशेनें अलगद फिरवून पाहावी. ती अडखळली, ताण जाणवला, तर आंत फिल्म आहे असें समजावें. मग तळाचें बटण दाबून फिल्म डबींत गुंडाळून घ्यावी, आणि जाणत्या माणसाकडूनच धुवून घ्यावी. काळ्या कागदाचा रोल असेल तर तो शेवटपर्यंत पुढें गुंडाळून मगच, मंद उजेडांत, बाहेर काढावा. दार चुकून उघडलेंच तर तत्क्षणीं मिटावें, तीन चित्रांची जागा सोडून पुढें जावें, आणि धुणाऱ्यास प्रसंग सांगावा. फिल्मवर पडलेलें चित्र धुण्यापूर्वीं अदृश्य असलें तरी तें वर्षानुवर्षें टिकून राहूं शकतें. उष्णतेनें व दमटपणानें तें मंदावतें, पण बहुधा अगदींच नाहींसें होत नाहीं. भाजलेलीं निगेटिव्ह सुद्धां टाकूं नयेत. धुरकट कांठांच्या मध्यें एखादा चेहरा स्पष्ट असूं शकतो.

मळवलीच्या छापखान्यांतील कारागीर, लोणावळ्याचे फाळके, रात्रीच्या काळोखांत फितीला छिद्रें पाडणाऱ्या सरस्वतीबाई, या सर्वांना अंधाराचें मोल ठाऊक होतें, कारण तो त्यांना स्वतःच्या हातांनीं राखावा लागे. आपणांस तो तयार, डबींत भरलेला मिळाला, म्हणून त्याचे नियम जाणून घेण्याची गरज आपणांस वाटली नाहीं. ते नियम फार नाहींत. जें आधीं टिपलें तें सर्वांत खोल असतें, आणि खोल असतें तें वांचतें, एवढें स्मरणांत ठेवलें तरी पुष्कळ झालें.